सोयाबीनची उगवण आणि आदळआपट: शाळेसाठी एक नेमका विज्ञान प्रकल्प

बी उगवण्यावरचे बहुतेक शालेय प्रकल्प एकाच साच्याचे असतात. तीन वाट्या, दहा-दहा मुगाचे दाणे, एक उजेडात, एक अंधारात, एक पाण्याविना. पाण्याविना बी उगवत नाही हे सगळ्यांना आधीच ठाऊक असते. ज्याचे उत्तर खरोखर शोधावे लागेल असा प्रश्न हवा असेल, तर तो मराठवाडा-विदर्भातल्या मुलांच्या घरातच पडलेला असतो. बियाण्याचे पोते ट्रॅक्टरवरून खाली टाकले, तर सोयाबीनची उगवण किती घटते?

हे पीक मुद्दाम निवडायचे. प्रमाणित बियाण्याला हरभऱ्यात किमान 85 टक्के उगवण लागते, सोयाबीनला 70 टक्के चालते. कारण दाण्याच्या रचनेतच आहे. सोयाबीनचे टरफल पातळ असते आणि पुढे मूळ होणारा कोंब त्याच्या लगेच खाली, डोळ्याजवळ, जवळजवळ उघड्यावरच असतो. भिंगाखाली दाणा धरला तर त्याचा उंचवटा बाहेरूनही दिसतो. मार बसला की तोच आधी दुखावतो, आणि वरून दाणा अगदी धडधाकट दिसतो. मळणीयंत्राचा वेग कमी ठेवा, पोती आपटू नका, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो ते याचसाठी.

बियाणे घरचे राखलेले घ्या, एकाच वाणाचे आणि एकाच पोत्यातले. अर्धा किलो पुरते. जेएस 335 आणि फुले संगम यांची सरमिसळ झाली, तर पुढचा फरक वाणाचा की माराचा, हे कधीच कळणार नाही. विकतचे रंगीत दाणे नकोत. त्यांना बुरशीनाशक चोळलेले असते. ते मुलांच्या हाताला लागू नये, शिवाय त्यामुळे दुखावलेल्या दाण्याची बुरशीही झाकली जाते.

मार मोजून द्यायचा. दोन मीटरचा तीन इंची पीव्हीसी पाइप उभा बांधा, खाली फरशीचा तुकडा ठेवा आणि दाणे उडू नयेत म्हणून भोवती पुठ्ठ्याचे खोके ठेवा. वरून मूठभर दाणे एकदम सोडू नका, नाहीतर दाणे दाण्यांवर पडतात आणि मार कमी लागतो. चार गट करा: एकदाही न टाकलेले, एकदा, तीनदा आणि सहादा टाकलेले. पोते आपटण्यापेक्षा ही पद्धत चांगली, कारण पोत्यात मधले दाणे वाचतात आणि कडेचे मार खातात. प्रत्येक गटाला साधारण 350 दाणे मोजून घ्या. डाळ होऊन फुटलेले दाणे मोजून वेगळे काढा, तो आकडा वहीत लिहा आणि उगवणीला फक्त अखंड दाणे लावा. फुटलेला दाणा शेतकऱ्यालाही दिसतो. आपला शोध न दिसणाऱ्या इजेचा आहे.

आता दाण्यांच्या संख्येकडे या. बहुतेक प्रकल्प इथेच कोसळतात. खरी उगवण 70 टक्के असली तरी दहा दाणे लावल्यावर 5 ते 9 यांतला कोणताही आकडा निव्वळ योगायोगाने सहज येतो. म्हणजे एका वाटीत 6 आणि दुसरीत 8 आले, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. 200 दाणे लावले की हाच पसारा साधारण 127 ते 153 इतका, म्हणजे 64 ते 76 टक्क्यांवर येतो. म्हणून प्रत्येक गटाच्या 50-50 दाण्यांच्या चार गुंडाळ्या करा. एकूण सोळा गुंडाळ्या, 800 दाणे. चार मुलांच्या गटाला दोन तासांचे काम आहे. दोन गटांतला फरक नऊ-दहा टक्क्यांहून कमी आला, तर ‘फरक आढळला’ असे लिहू नका.

गुंडाळीसाठी वर्तमानपत्राचे तीन पूर्ण कागद एकावर एक घ्या. भिजवा, टोकाला धरून उभे करा आणि थेंब गळायचे थांबले की वापरा. ओल बरोबर आहे का हे बोटाने कळते: कागद दाबल्यावर बोटाभोवती पाणी साचले तर ओल जास्त आहे, आणखी निथळू द्या. जास्त पाण्यात बियाला हवा मिळत नाही आणि दाणे कुजतात. 50 दाणे पाच ओळींत, दोन-अडीच सेंटीमीटर अंतराने मांडा. बुरशी एका दाण्यावरून शेजाऱ्यावर जाते, म्हणून हे अंतर पाळाच. वरून एक ओला कागद घाला, खालची कडा दोन बोटे दुमडा म्हणजे दाणे निसटणार नाहीत, सैल गुंडाळा, रबर लावा आणि बादलीत उभ्या ठेवा. वरून पॉलिथिन पिशवी सैल घाला.

दाणे आधी भिजत घालू नका. मुगा-मटकीला मोड काढायची सवय असल्याने मुले हमखास रात्रभर भिजवतात. कोरडे सोयाबीन पाण्यात बुडाले की पाणी फार वेगाने आत शिरते, आतल्या पेशी फाटतात आणि चांगले बीसुद्धा मरते. मग चारही गटांची उगवण सारखीच वाईट येते आणि प्रकल्प संपतो.

तापमान 25 ते 30 अंश हवे. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ते चाळिशीला जाते, तेव्हा बादली माठाशेजारी गार जागी ठेवा. डिसेंबर-जानेवारीत रात्री थंड असतात, तेव्हा बादली पोत्यात गुंडाळा. साधा थर्मामीटर शेजारी टांगून सकाळी, दुपारी आणि रात्री नोंद करा. गुंडाळ्यांच्या जागा रोज बदला. गुंडाळीवर गटाचे नाव न लिहिता फक्त क्रमांक घाला, आणि मोजणाऱ्याला कोणता क्रमांक कोणत्या गटाचा हे सांगू नका. कमी उगवण अपेक्षित असली की डोळा आपोआप कमीच मोजतो.

मोजणी दोनदा करा, पाचव्या आणि आठव्या दिवशी. ‘उगवले’ म्हणजे काय हे पहिल्या दिवशीच वहीत लिहून ठेवा. मोड दिसला की उगवले, असे धरले तर मार खाल्लेले दाणेही पास होतात: त्यांना मोड येतो, पण मुळाचे टोक तपकिरी पडते आणि रोप तिथेच थांबते. सशक्त रोपाला लांब मुख्य मूळ, सरळ देठ आणि निम्म्याहून जास्त शाबूत दले (दाण्याच्या दोन डाळी) हवीत. मूळ आखूड, देठ चिरलेला किंवा दलांवर मोठे काळे डाग असतील तर ते रोप विकृत. न फुगलेले ते कठीण बी, मऊ पडून कुजलेले ते मेलेले. या चार रकान्यांची बेरीज प्रत्येक गुंडाळीत 50 आलीच पाहिजे. माझ्या मते या प्रकल्पातला सर्वांत बोलका रकाना विकृत रोपांचा आहे, कारण मार लागलेले पण अजून न मेलेले बी तिथेच दिसते.

शक्य असेल तर एक जोडचाचणी करा. प्रत्येक गटातले 50 अखंड दाणे वजन करून 250 मिली बॅटरीच्या पाण्यात (बाटलीत विकत मिळणारे शुद्ध डिस्टिल्ड पाणी, बॅटरीतले आम्ल नव्हे) 24 तास ठेवा, सोबत नुसत्या पाण्याचा एक ग्लास ठेवा. नंतर आरओच्या पाण्यासाठी मिळणाऱ्या टीडीएस मीटरने पाण्यातले विरघळलेले क्षार मोजा, नुसत्या पाण्याचा आकडा वजा करा आणि दाण्यांच्या वजनाने भागा. दुखावलेल्या पेशींतून क्षार पाझरतात, त्यामुळे इजा जितकी जास्त तितका आकडा मोठा. नळाचे पाणी इथे चालत नाही, त्यातल्या क्षारांपुढे दाण्यातून पाझरलेले क्षार दिसतच नाहीत.

निकाल शेतकऱ्याला समजेल असा मांडा. 70 टक्के उगवणीला एकरी 30 किलो बियाणे लागते असे धरले, तर 60 टक्क्यांना 30 गुणिले 70 भागिले 60, म्हणजे 35 किलो लागेल. प्रत्येक गटापुढे हा आकडा आणि बाजारभावाने पडणारा जादा खर्च लिहा. सहादा टाकूनही फरक आला नाही तर तोही निकालच आहे. तेव्हा दाण्यांची ओल आणि फरशीचा प्रकार नोंदवा, कारण फार वाळलेला दाणा ठिसूळ होतो आणि ओल थोडी जास्त असेल तर मार सोसतो. प्रदर्शनात दाखवायच्या गुंडाळ्या मात्र सहा दिवस आधी नव्याने लावा, मोजणीच्या जुन्या गुंडाळ्या तोवर काळ्या पडलेल्या असतात.