बिनलोण्याचं कोलकॅनन

हा प्रश्न मला दोन्हीकडून येतो. पुण्याहून मावशी फोनवर म्हणते, "दूध-तूप सोडलंस ते सोडलंस, पण मग आपली आमटी-भाकरी आहे की! त्या लोकांच्या मटणाच्या पदार्थांची मोडतोड कशाला करत बसतेस?" आणि इथे आयर्लंडमध्ये, कॉर्कला, सासरची माणसं विचारतात, "मटण नाही, लोणी नाही, ताक नाही. मग यात आयरिश काय उरलं?" दर वेळी मी काहीतरी थातुरमातुर बोलून वेळ मारून नेते. आता एकदा नीट सांगते.

मावशी, आमटी-भाकरी मी करतेच. पण माझी लेक इथे जन्मली. तिच्या आयरिश आजीच्या घरी जे शिजतं तेही तिचंच आहे. मी व्हीगन झाले म्हणून तिचं अर्धं घर तिच्या ताटातून काढून घ्यायचा हक्क मला नाही, असं मला वाटतं. आणि खरं सांगायचं तर मलाही ते जेवण आवडतं. पावसात भिजून आल्यावर समोर वाफाळता स्ट्यू यावा, हे सुख मला सोडायचं नव्हतं. सोडायचं होतं ते फक्त जनावर.

काही पदार्थ सहज जमतात. स्ट्यूमध्ये मी बार्ली आणि मशरूम घालते, डिलिस्क नावाचं वाळवलेलं लालसर शेवाळ चुरून टाकते आणि थोडी गिनेस, म्हणजे इथली काळी बिअर, ओतते. (गिनेस पूर्वी माशाच्या फुग्यापासून केलेल्या पदार्थानं निवळत असत, आता तसं करत नाहीत.) कॅरेगीन तर समुद्राचंच शेवाळ. दुधात उकळून गाळलं की आपल्या चायना ग्राससारखं थिजतं, आणि ते ओटच्या दुधातही थिजतं. सोडा ब्रेडला मात्र ताकाचा आंबटपणा लागतोच, त्याशिवाय सोडा फुलत नाही. ओटचं दूध व्हिनेगरनं नुसतं आंबट होतं, सोयाचं दाटतं, म्हणून सोयाचंच घ्यायचं. साडेचारशे ग्रॅम पिठाला चमचाभर सोडा, चमचाभर मीठ, साधारण पावणेचारशे मिली आंबवलेलं दूध. हात अगदी हलका ठेवायचा, पोळीच्या कणकेसारखं मळायचं नाही, गोळा झाला की थांबायचं. वर सुरीनं खोल फुली मारून कडक तापलेल्या ओव्हनमध्ये टाकायचा. भाजल्यावर उलटा करून बुडाला टिचकी मारली की पोकळ आवाज आला पाहिजे. हा ब्रेड सासूबाईसुद्धा मागून घेतात.

कॉडल मी करत नाही. ते डब्लिनचं, सॉसेज आणि डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या कापांचं. ते दोन्ही काढले तर उकडलेले कांदे-बटाटे उरतात. तिथे सासरच्यांचा प्रश्न बरोबर आहे, हे मी मान्य करते.

पण कोलकॅनन? तिथे मी हटत नाही, आणि तिथेच सगळं बिनसलं.

कोलकॅनन म्हणजे कुस्करलेला बटाटा आणि केल (कोबीच्या जातीची पालेभाजी) किंवा कोबी. हॅलोविनच्या रात्री करतात. कॅथलिक रिवाजात पूर्वी ती रात्र मांस वर्ज्य असलेली, म्हणून पदार्थ मुळातच बिनमांसाचा. मधे खड्डा करून त्यात वितळलेलं लोणी ओततात आणि प्रत्येकानं कडेचा घास त्या लोण्यात बुडवून खायचा. एका वर्षी ते करायचं मी मागून घेतलं. बटाटे सालासकट उकडले, केल वाफवून बारीक चिरली, पातीचा कांदा ओटच्या दुधात मऊ केला. खड्ड्यात लोण्याऐवजी इथल्याच शेतातलं रेपसीडचं तेल, मोहरीच्या कुळातलं, पिवळंधमक. मोठ्या थाळ्यात मांडून टेबलावर नेलं.

सासऱ्यांनी घास बुडवला, खाल्ला, चमचा खाली ठेवला. उठून लोण्याचा गोळा घेऊन आले, त्याचा जाड तुकडा कापला आणि थाळ्याच्या मधोमध ठेवला. रागानं नाही. मी विसरले असेन असंच त्यांना वाटलं असावं. तेलावर तो तुकडा हळूहळू वितळायला लागला. थाळा एकच होता, म्हणजे मला आता त्यातलं काही खाता येणार नव्हतं. नवरा म्हणाला, "डॅड, ती लोणी खात नाही." त्यावर ते माझ्याकडे बघून म्हणाले, "या घरात जे काही आहे ते लोण्यानंच आणलंय."

ते खरंच आहे. त्यांचा गोठा आहे. २०१५ साली युरोपातला दुधाचा कोटा, म्हणजे दूध उत्पादनावरची मर्यादा, उठला तेव्हा कर्ज काढून त्यांनी गाई वाढवल्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये गाई वितात तेव्हा हा माणूस रात्र-रात्र गोठ्यात उभा असतो. आणि त्याच गोठ्यात, लग्नानंतरच्या पहिल्या फेब्रुवारीत, आईपासून तोडलेल्या वासरांचं हंबरणं मी ऐकलं होतं. मी दूध सोडलं ते तिथे. माझ्या तोंडून निघून गेलं, "मला इथल्या खोलीत रात्री झोप लागत नाही. वासरं ओरडत असतात." टेबलावर कोणी बोलेना. सासरे उठले आणि गाई बघून येतो म्हणून बाहेर गेले. त्या रात्री ते परत जेवायला बसले नाहीत.

नवरा म्हणतो, ते तिथे बोलायला नको होतं. मला अजून ते ठरवता आलेलं नाही. मी खोटं बोलले नव्हते, आणि तेही खोटं बोलले नव्हते.

त्यानंतर बरेच दिवस मी इतिहास पुढे करायचे. १८४५ च्या दुष्काळाआधी इथला गरीब शेतमजूर बटाट्यावरच जगायचा, मांस त्याच्या ताटात क्वचितच. मग माझंच जेवण जास्त जुनं नाही का? लोणी तर कॉर्कच्या बाजारातून परदेशी जायचं, माणसं उपाशी मरत होती तेव्हासुद्धा जात होतं. हे सगळं खरं आहे. पण त्या मजुराच्या बटाट्यासोबत ताक असायचं, तेही तितकंच खरं. आणि बटाटा या बेटावर यायच्या कितीतरी आधीपासून ही माणसं दूध, दही, लोणी, चीजवर जगत आली. दलदलीतून शेकडो वर्षं पुरलेलं लोणी अजून निघतं. तेव्हा माझ्या स्वयंपाकाला इतिहासाचा दाखला मी आता मागत नाही. एक गोष्ट मात्र सासूबाईंनी आपणहून सांगितली. त्यांच्या आजीच्या घरी गुड फ्रायडेला काळा उपास असायचा. दूध, लोणी, अंडं काही नाही, कोरा चहा आणि कोरडा ब्रेड. ते ऐकून मला फार बरं वाटलं. पण तो वर्षातला एखाद-दुसरा दिवस, आणि तोही देवासाठी. मी रोज करते ते वासरासाठी. दोन्ही एक नाही, हे त्यांनाही माहीत आहे.

तर काय उरलं, या प्रश्नाला माझं उत्तर: पिठूळ बटाटा, केल, पातीचा कांदा, एकाच थाळ्यातून सगळ्यांनी खाणं. मला हे पुरेसं आयरिश वाटतं. सासऱ्यांना वाटत नाही. यंदा हॅलोविनला नणंदेनं कोलकॅनन मलाच आणायला सांगितलंय. तेलाचंच आणीन असं मी तिला कळवलंय, आणि सासऱ्यांना लोणी हवं असेल तर त्यांनी ते आपल्या ताटलीत वाढून घ्यावं, थाळ्यात नाही, हेही.