जरा सरक गं, त्याला बसू दे

‘पायथ्याशी’ ही माझी भयकथा वाचून तुमच्यापैकी अनेकांनी एकच विचारलंत : हे सुचलं कुठून? खरंच घडलंय का? आजवर मी एका ओळीत उत्तर देत आले, की बाबांच्या आजारपणातून सुचलं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. तुम्ही इतक्या आपुलकीने विचारलंत म्हणून आज उरलेलं अर्धंही सांगते.

गोष्ट ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी : एक मुलगी आजारी वडिलांजवळ रात्री जागते. वडिलांना पलंगाच्या पायथ्याशी एक लहान मुलगा बसलेला दिसतो, तिला दिसत नाही. वडील जातात. नंतर एका रात्री ती त्या रिकाम्या पलंगावर टेकते आणि कुणीही न सांगता थोडी सरकते. गोष्ट तिथे संपते.

तो मुलगा मी रचलेला नाही. बाबांना लुई बॉडी डिमेन्शिया होता. या आजारात मेंदूच्या पेशींमध्ये अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गाठी साठतात. स्मृती जाण्याच्या आधीच अनेकांना माणसं, लहान मुलं, प्राणी दिसू लागतात. धूसर सावल्या नव्हेत, चांगली कपडे घातलेली, हालचाल करणारी माणसं. आणि पाहणारा बरेचदा घाबरतही नाही. मी बाबांची नखं कापत पलंगावर बसले होते, तेव्हा ते म्हणाले, “जरा सरक गं, त्याला बसू दे.” गर्दीच्या डब्यात एखाद्या पोरासाठी जागा करायला सांगावं, त्याच सुरात. मी मागे वळून पाहिलं. मग सरकले.

डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की वाद घालू नका, ‘तिथे कुणी नाही’ असं पटवत बसू नका. त्याने माणूस शांत होत नाही, एकटा पडतो. म्हणून मी रोज सरकत राहिले.

कथेत पायथ्याशी ठेवलेल्या टॉवेलबद्दल तर तुम्ही फार विचारलंत. तोही खरा आहे. बाबांना त्या मुलाचे केस ओले दिसायचे आणि त्यांचा जीव कासावीस व्हायचा. “कुणी पुसत का नाही याचं डोकं? सर्दी होईल.” शेवटी मी एक टॉवेल घडी करून पायथ्याशी ठेवला, तेव्हा कुठे ते झोपले. सकाळी टॉवेल कोरडा होता. अर्थात कोरडाच असणार. पण मी तो हात लावून पाहिला होता, आणि हात लावण्याआधी क्षणभर थांबले होते. कथेच्या पहिल्या खर्ड्यात मी तो टॉवेल ओला केला होता. वाचताना अंगावर काटा आला खरा, पण मला तो फसवा वाटला. दुसऱ्या खर्ड्यात कोरडा केला, तेव्हा सगळी हवाच गेली. शेवटी छापलं ते असं, की ती टॉवेलला हातच लावत नाही. तो ओला होता की कोरडा, यावर तुम्ही आपसात वाद घातलात, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. मी ज्या क्षणी थांबले होते, त्या क्षणी तुम्हीही येऊन उभे राहिलात.

कादंबरीकार हेन्री जेम्सने 12 जानेवारी 1895 रोजी आपल्या वहीत एक टिपण केलं. कँटरबरीच्या आर्चबिशपांनी, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या सर्वोच्च धर्मगुरूंनी, त्याला दोन मुलांची आणि मेलेल्या नोकरांची एक हकीकत सांगितली होती. आर्चबिशपांनी ती एका बाईकडून ऐकलेली, आणि त्या बाईला धड सांगताही आलं नव्हतं. त्या तुटक हकीकतीतून तीन वर्षांनी ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ ही त्याची गाजलेली भुताची गोष्ट आली. मला वाटतं, जेम्सच्या हाती लागलं ते त्या हकीकतीतलं न सांगितलेलं. पूर्ण आणि नीट ऐकलेली भुताची गोष्ट लेखकाच्या फारशी उपयोगी पडत नाही, तिच्यात शिरायला फट नसते.

आता राहिलेलं अर्धं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

शेवटच्या काही आठवड्यांत बाबा त्या मुलाला कंटाळले होते. एका रात्री, मला वाटतं तीन वाजून गेले असतील, त्यांनी विचारलं, “हा कधी जाणार गं?” मी दोन रात्री झोपले नव्हते. मी म्हटलं, “जाईल बाबा. आता थोडेच दिवस.” वाक्य तोंडातून गेलं आणि मला माझाच आवाज ऐकू आला. त्या आवाजात धीर नव्हता, आशा होती. आणि मी त्या मुलाबद्दल बोलत नव्हते.

बाबांनी मान डोलावली. त्यांना काय समजलं, मला कधीच कळलं नाही. मी त्यांचं पांघरूण सारखं केलं आणि बाहेर जाऊन अंधारात उभी राहिले. आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. त्या खोलीत न दिसणारं कुणीतरी होतं हे खरं, पण ते पायथ्याशी बसलेलं नव्हतं.

‘पायथ्याशी’ तिथून आली. मुलगा आला बाबांच्या आजारातून आणि भीती आली माझ्या त्या वाक्यातून. दोन्ही एकाच गोष्टीत बसायला कित्येक वर्षं गेली. ते वाक्य कथेत कुठेही नाही. तीनदा लिहिलं, तिन्हीदा खोडलं, कारण ते आलं की गोष्ट माझा कबुलीजबाब होऊन बसायची आणि वाचणाऱ्याला स्वतःचं काही आठवायला जागाच उरायची नाही.

‘हे सुचलं कुठून’ या प्रश्नाचं उत्तर शार्लट पर्किन्स गिलमन या अमेरिकन लेखिकेने 1913 मध्ये दिलं होतं. ‘द यलो वॉलपेपर’ ही तिची कथा 1892 ची. खोलीत पडून राहायला लावलेल्या एका बाईला भिंतीवरच्या पिवळ्या कागदात कोंडलेली दुसरी बाई दिसू लागते. लोक तिला विचारत की ही का लिहिलीस. तिने सांगितलं, की मनाच्या आजारावर एका नामांकित डॉक्टरने तिला विश्रांतीचा उपचार दिला होता : बौद्धिक काम दिवसाला फार तर दोन तास, आणि लेखणी, कुंचला, पेन्सिल यांना जन्मभर हात लावायचा नाही. तीन महिने तिने हे पाळलं आणि ती वेडाच्या उंबरठ्यावर जाऊन पोचली. पण तिने हेही लिहून ठेवलं आहे, की तिला स्वतःला कधी भास झाले नव्हते आणि भिंतीच्या सजावटीशी तिचं काही वाकडं नव्हतं. कागदातली बाई तिने रचली. लेखणी काढून घेतल्याची भीती मात्र तिची स्वतःची. ‘खरंच घडलंय का’ या प्रश्नाला मला माहीत असलेलं हे सगळ्यात प्रामाणिक उत्तर आहे.

तो प्रश्न विचारण्यात काही चूक आहे असं मला मुळीच वाटत नाही. अमेरिकन लेखिका शर्ली जॅक्सनची ‘द लॉटरी’ ही कथा, ज्यात गावकरी सोडत काढून एकाला दगडांनी मारतात, 1948 मध्ये ‘द न्यू यॉर्कर’ या साप्ताहिकात आली, तेव्हा त्या उन्हाळ्यात तिला तीनशेवर पत्रं आली होती. काहींना तर अशा सोडती कुठे होतात आणि तिथे जाऊन बघता येतात का, हे जाणून घ्यायचं होतं. तुमची पत्रं वेगळी होती. एकीने लिहिलं, की आईच्या आजारपणानंतर तीही पलंगाच्या अगदी कडेला बसते, का ते तिला माहीत नाही. तिला मी काय उत्तर देणार? मी ते पत्र जपून ठेवलं आहे.

आणि तो मुलगा कोण? बाबांचा लहानपणी गेलेला भाऊ, असं काहींना वाटलं. बाबांना असा भाऊ नव्हता. कुणी म्हणालं, ती मुलगीच लहानपणीची. मी बाबांना एकदा विचारलं होतं. ते बराच वेळ पायथ्याकडे पाहत राहिले, आणि मग म्हणाले, “नाव नाही सांगत. पण गुणी आहे. जागा दिली की गप्प बसतो.”