टँडमला हँडलबार बॅग घेताय? आधी मागच्याला विचारा

टँडम म्हणजे दोघांनी पुढेमागे बसून चालवायची सायकल. तिच्यावर माणसं दोन पण सामानाची जागा एकाच सायकलची, हे लांबच्या टूरची बांधाबांध करायला घेतली की नीट कळतं. दोघींच्या दोन वेगळ्या सायकली असत्या तर पुढेमागे मिळून आठ पॅनियर, म्हणजे चाकांच्या बाजूंना लटकवायच्या पिशव्या, लावता आले असते, टँडमला चारच लागतात, दोन पुढे दोन मागे, आणि त्यात दोघींचे कपडे, तंबू, स्लीपिंग बॅगा सगळं कोंबायचं. मग जे काही चालू सायकलवर हाताशी हवं असतं ते सगळं येऊन पडतं हँडलबार बॅगवर. म्हणून टँडमवाले या एका बॅगेवर इतका खल करतात, आणि करायलाच पाहिजे असं माझं मत.

आमच्याकडे ताई पुढे, मी मागे. म्हणजे ताई कॅप्टन, हँडल वळवणं, ब्रेक, गिअर सगळं तिच्या हातात, आणि मी स्टोकर, मी पेडल मारते, मॅप बघते, फोटो काढते, मागून गाडी आली तर सांगते, ताईला पाणी देते. आता यात बॅगेची खरी गरज कुणाला आहे ते बघा. ताईचा हात हँडलवरून सुटतच नाही, दोन माणसांचं वजन असलेली सायकल एका हाताने सरळ ठेवायची म्हणजे जोर लागतो आणि लक्षही लागतं. माझे दोन्ही हात मोकळे असतात, मी हात सोडले तरी सायकलचं काही बिघडत नाही, फक्त अंग फार हलवायचं नाही एवढंच. तरी जिथे बघाल तिथे बॅग पुढच्या हँडलला. का, तर साध्या सायकलवर ती तिथे असते म्हणून.

मग होतं काय की मागच्याला सनस्क्रीन हवंय, थांबा. मॅप बघायचाय, थांबा. टँडम थांबवणं म्हणजे नुसता ब्रेक दाबून पाय टेकणं नसतं, कॅप्टनने सायकल धरून उभं राहायचं, मग परत निघताना मागच्याने बुटाच्या तळाच्या क्लीट पेडलमध्ये अडकवायच्या, पेडल योग्य जागी आणायचं, दोघांनी एकदम जोर द्यायचा. चढावर हे परत परत करायला लागलं तर दिवसाची लय जाते. आणि त्याहून मला जास्त लागतं ते हे की मागच्या माणसाला स्वतःची म्हणून एक जागा पाहिजे. समोर दिवसभर दुसऱ्याची पाठ, हँडल वळत नाही, ब्रेक आपल्या हातात नाही, निदान रुमाल आणि फोन तरी न विचारता काढता यावा ना. मागे बसायला नाखूष असलेले कितीतरी लोक एवढ्याने खुलतील, खरंच.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. मुख्य बॅग मागच्या हँडलला, पुढे लावलीच तर छोटी आणि हलकी.

पण मागे बॅग लावताना एक गोष्ट अशी आहे जी बॅग हातात घेऊन सायकलपाशी उभं राहिल्याशिवाय लक्षात येत नाही. साध्या सायकलवर स्टेम, म्हणजे हँडल धरणारी दांडी, तुमच्या बाजूने जाऊन हँडलला मिळतो, त्यामुळे हँडलच्या पुढची जागा रिकामी असते आणि बॅग तिथे लटकते. टँडमवर मागचं हँडल कॅप्टनच्या सीटपोस्टला, म्हणजे सीटच्या दांड्याला, लावलेलं असतं, म्हणजे स्टेम पुढून येतो. हँडलच्या पुढे स्टेम, सीटपोस्ट, त्यावर कॅप्टनचं सीट आणि सीटवर कॅप्टन. तिथे बॅगेला जागा कुठे? मांड्या वर खाली होत असतात, बॅग जरा रुंद असली की कॅप्टनच्या मांडीला मागून घासायला लागते. त्यामुळे बॅग हँडलला अडकवायचं ब्रॅकेट उलटं बसवायचं, बॅग हँडलच्या अलीकडे, म्हणजे स्टोकरच्या बाजूला, मागच्या टॉप ट्यूबच्या, म्हणजे फ्रेमच्या वरच्या आडव्या नळीच्या, वर येईल असं. दोन हातांच्या मध्ये, अगदी समोर. मान खाली केली की दिसते.

हे जमायला मागचा टॉप ट्यूब लांब हवा. टूरिंगच्या चांगल्या टँडमवर तो साधारण 70 सेंटीमीटर किंवा जास्त असतो, जुन्या टँडमवर बराच कमी असू शकतो आणि मग मागच्याचं नाक कॅप्टनच्या पाठीला लागायची वेळ येते, तिथे बॅग विसराच. जागा आहे की नाही हे मोजपट्टीने कळत नाही, पुठ्ठ्याच्या खोक्याने कळतं. एक खोकं घ्या, चिकटपट्टीने नाहीतर दोरीने हँडलला बांधा, सायकल भिंतीला टेकवा, दोघं आपापल्या जागी बसा आणि पेडल उलटी फिरवा. टँडमवर दोन्ही क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, चेनने जोडलेले असल्यामुळे पुढच्याने उलटं फिरवलं की मागच्याचेही पाय फिरतात, तेव्हा गुडघे खोक्याला लागतात का ते दिसतं. मग मागच्याने उभं राहून चढावर मारतो तसं जरा पुढे वाकून बघायचं, कारण बसून सगळं ठीक वाटतं आणि उभं राहिलं की गुडघा आपटतो. खोकं लागत असेल तर कापून लहान करा, परत बांधा. शेवटी जे खोकं उरेल ती तुमच्या बॅगेची साइज. आमचं खोकं बरंच बारीक झालं आणि उरलं ते पुढून मागे जेमतेम वीतभर, पण रुंदीला चांगलं, आणि मी बॅग शोधताना तोच पुठ्ठा बरोबर घेऊन फिरले. लिटर बघून घेऊ नका, पाच लिटरची एक बॅग खोल असते आणि दुसरी पसरट, मागच्या हँडलला पसरटच चालते.

झाकणाकडे पण नीट बघा. बऱ्याच हँडलबार बॅगांचं झाकण चालवणाऱ्यापासून लांब, पुढे उघडतं, आणि साध्या सायकलवर तेच बरोबर आहे. पण बॅग उलटी लावली की झाकणही उलटं होतं, ते तुमच्या पोटाकडे उघडतं आणि अर्धवट उघडलं तर आतलं काही दिसत नाही. उलट प्रकारचं झाकण असेल तर ते उघडून कॅप्टनच्या कमरेवर जाऊन टेकतं. म्हणून मला वरून आडवी झिप असलेली बॅग आवडते, अर्धी उघडायची, हात घालायचा, काढायचं, बंद. मात्र झिपला घामाची खोड असते. चढावर मान खाली घालून मारताना मागच्याचा घाम टपटप थेट बॅगेवर पडतो, दोन दिवसांत झिपच्या दातांवर पांढरं मीठ धरतं, मग ती अडकत अडकत चालते आणि एका हाताने उघडतच नाही. मुक्कामाला पोचलं की साध्या पाण्याने धुवायची, दात ओले असतानाच झिप पुढेमागे करायची, मोकळी होते.

पावसाचं म्हणाल तर समोरून येणारा बराचसा पाऊस कॅप्टनच्या अंगावर जातो, मागच्या बॅगेला थोडा आडोसा मिळतो, पण वरून कोसळायला लागला की आडोसा कसला. शिलाई मारलेल्या कापडाच्या बॅगेत पाणी टाक्यांच्या भोकांतून येतं, कापड कितीही वॉटरप्रूफ असो. वेल्डिंग केलेल्या जोडाची बॅग असेल तर उत्तम, नाहीतर फोन आणि पैसे आत वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. वरचा पारदर्शक मॅपचा कप्पा पावसात कामाचा, पण उन्हात त्यात फोन ठेवला तर तो तापून बंद पडू शकतो, तेव्हा ऊन असलं की फोन आत. आणि झाकणाला लोहचुंबक असलेली बॅग असेल तर जवळ होकायंत्र ठेवू नका, फोनमधला कंपासही त्याने भरकटतो.

आता पुढची बॅग. पुढे वजन नको असं मी म्हणते त्याला कारण आहे. हँडलला लावलेली बॅग हँडलबरोबर वळते, वजन उंचावर असतं आणि वळायच्या अक्षाच्या पुढे असतं, त्यामुळे वेग कमी असला की चाक बाजूला पडायला बघतं. टँडम नेमकी कमी वेगातच अवघड असते, निघताना आणि चढावर. मागचा माणूस चढून बसत असतो तेव्हा कॅप्टन ब्रेक दाबून, पाय फाकून सायकल धरून उभा असतो, तेव्हा पुढचं जड हँडल गर्रकन वळलं तर दोघंही जातात. आणि उतारावर वेगळीच भीती, दोन माणसांचं वजन पण वारा लागतो जवळजवळ एकाएवढाच, म्हणून टँडम उतारावर सुसाट सुटते आणि त्या वेगात हँडल थरथरायला लागलं तर हसण्यावारी नेण्यासारखं नसतं. बॅगेने थरथर वाढतेच असं नाही, काही सायकलींवर थोड्या वजनाने ती कमीही होते, त्यामुळे आपल्या सायकलवर बघूनच ठरवावं. बघायचं कसं, तर पाण्याच्या बाटल्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हिशोब सोपा. आधी एक बाटली घालून ओळखीच्या रस्त्यावर हळू, मग चढ, मग छोटा उतार, मग दुसरी बाटली. कॅप्टन नको म्हणाला की तिथे थांबायचं, इथे मात्र मागच्याचं मत चालत नाही. ताईने दुसऱ्या बाटलीलाच नको म्हणून मान हलवली, विषय संपला.

तरी पुढे लावणारच असाल तर हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून केबलींकडे बघा. बॅगेने ब्रेकची केबल मागे दाबली की ती ताणली जाते किंवा दुमडते, आणि टँडमची मागची केबल आधीच लांबलचक, तिचं घर्षण आणखी वाढवायचं नाही. जुन्या शिमानो एसटीआय लिव्हरमधून, म्हणजे ब्रेक आणि गिअर एकत्र असलेल्या लिव्हरमधून, गिअरच्या केबली आतल्या बाजूला आडव्या बाहेर येतात, त्यांच्यामध्ये रुंद बॅग मावतच नाही. हँडलवरचा लाइट बॅगेमागे झाकला जात असेल तर तो खाली फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या, मुंडीवर हलवा. सस्पेन्शन फोर्क असेल तर फोर्क दाबून बॅगेचं बूड टायरला लागत नाही ना ते बघा.

ब्रॅकेटच्या बाबतीत, हँडलची जाडी आधी मोजून ठेवा. नवीन हँडल क्लॅम्पपाशी, म्हणजे स्टेम हँडलला पकडतो तिथे, बहुतेक 31.8 मिलिमीटर असतात, जुनी 25.4 किंवा 26, आणि टँडमवर पुढचं एक जाडीचं आणि मागचं दुसऱ्या जाडीचं असं सर्रास असतं. क्लिकफिक्ससारखं बटण दाबून बॅग सुटणारं ब्रॅकेट मला सगळ्यात सोयीचं वाटतं, दोन्ही हँडलांना एकेक ब्रॅकेट लावून ठेवलं की एकच बॅग कधी पुढे कधी मागे नेता येते, आणि थांबल्यावर पैसे कॅमेऱ्यासकट खांद्याला लावून चालू पडायचं. मागच्या स्टेमची ठेवण जरा वेगळी असते, कधी तो वरखाली किंवा लांब आखूड करायचा जोड नेमका ब्रॅकेटच्या आड येतो, म्हणून ब्रॅकेट घेताना शक्य तर सायकलच घेऊन जा. आणि कॅप्टनचा सीटपोस्ट कार्बनचा असेल तर त्याला लावलेल्या हँडलवर वजन टांगायच्या आधी सीटपोस्टचं मॅन्युअल वाचा.

मागे अजिबातच जागा नाही असंही होतं. तेव्हा टॉप ट्यूबवर बसणारी छोटी चपटी बॅग घ्या, किंवा हँडलच्या एका बाजूला बाटलीच्या आकाराची नाडीवाली बॅग. कॅप्टनच्या सीटखालची बॅग पण खरं तर मागच्याच्याच हाताशी असते, ती मागून उघडणारी घेतली तर चालता चालता वापरता येते. कॅप्टनच्या जर्सीचे पाठीचे खिसे आहेतच, ताईला तर स्वतःच्या खिशात काय आहे ते माहीतच नसतं, ते खिसे माझे. अवजारं, कुलूप, पंप असलं जड सामान यातल्या कशातच नको, ते फ्रेमच्या मधल्या त्रिकोणात जितकं खाली जाईल तितकं खाली.

बॅग लावली की लोंबणारे पट्टे कापा आणि टोकं मेणबत्तीवर जरा वितळवून घ्या म्हणजे उसवत नाहीत. ब्रॅकेटचे स्क्रू पहिल्या राइडनंतर परत आवळा, एकदा बसले की सैल होतातच. आणि बॅगेचा हुक कितीही घट्ट वाटला तरी एक छोटा पट्टा हँडलला वेगळा अडकवून ठेवा, खड्ड्यात बॅग उडाली तरी ती मागच्याच्या पायात किंवा पुढच्या चाकात जाणार नाही.