यिर्मयानं घेतलेलं शेत आणि आमचं पड

एप्रिलमधे दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, नऊ वर्षं आमचं बोलणं नव्हतं आणि कारण काय तर एक बांध. बाबा गेले त्या वर्षी मोजणी झाली, दोन हात जमीन इकडं की तिकडं ह्याच्यावरून शब्दाला शब्द लागला, आणि मी जो बेळगावला उद्यमबागेत ड्युटीवर परत आलो तो खानापूरच्या वाटेला गेलोच नाही, लग्नकार्यालासुद्धा नाही. शेत पड पडलं. फोनवर दादा एवढंच म्हणाला, "माझा वाटा काढायलोय. भायेरच्याला द्यायच्या आधी तुला इचारावं म्हटलं. पयला हक्क तुझा हाय." मी बघतो म्हटलं आणि फोन ठेवला. मला राग आला होता, नऊ वर्षांत एकदा विचारलं नाही कसा आहेस म्हणून आणि आता जमीन काढायच्या वेळी हक्क आठवला.

त्याच आठवड्यात रात्री बायबलमधलं यिर्मया संदेष्ट्याचं पुस्तक वाचायला घेतलं होतं, बत्तिसावा अध्याय आला आणि मी दोनदा वाचला, कारण तिथंही चुलतभाऊच आलाय शेत घे म्हणून सांगायला.

प्रसंग काय आहे बघा. इ.स.पू. 587 च्या आसपास, यरुशलेमला बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, फौजेनं वेढा घातलाय, आत दुष्काळ, आणि यिर्मया राजाच्या पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, का तर हे शहर पडणार असं तो उघड सांगत होता म्हणून. अशा वेळी हनामेल, त्याच्या चुलत्याचा मुलगा, कैदेत भेटायला येतो आणि म्हणतो अनाथोथमधलं माझं शेत तू घे, सोडवून घ्यायचा हक्क तुझा आहे. अनाथोथ यरुशलेमपासून चारपाच किलोमीटरवर, आजही तिथं अनाता नावाचं गाव आहे. म्हणजे जी जमीन शत्रूच्या पायाखाली गेली आहे ती विकत घे म्हणतोय, आणि घेणारा कोण, तर हा देश जाणार असं स्वतःच्या तोंडानं सांगून तुरुंगात बसलेला माणूस.

आणि यिर्मया घेतो. चांदीचे सतरा शेकेल तराजूत तोलून देतो, आपल्या हिशोबात साधारण दोनशे ग्रॅम चांदी. खरेदीखत लिहितो, शिक्का मारतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो. खताच्या दोन प्रती, एक मोहोर लावून बंद केलेली आणि एक उघडी, दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्या हातात देऊन सांगतो की मातीच्या मडक्यात घाल, पुष्कळ दिवस टिकायला पाहिजेत. संदेष्ट्यांच्या पुस्तकात ज्याला आपण पुनःस्थापना म्हणतो त्यातलं सगळ्यात मोठं वचन ह्या कागदपत्रांच्या मधोमध दिलंय: ह्या देशात घरं, शेतं, द्राक्षमळे परत विकत घेतले जातील. मी लहानपणापासून आत्मिक नवीकरण हा शब्द उपासनेत ऐकत आलोय, आणि ऐकताना नेहमी काहीतरी वरचं, ढगातलं वाटायचं. इथं तर शिक्का, साक्षीदार, तराजू आणि मडकं आहे, आपल्या सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात बसल्यासारखं.

मला सगळ्यात जास्त भिडलं ते त्याच्या पुढचं. यिर्मया आधी खत करतो आणि मग प्रार्थनेला बसतो, आणि त्या प्रार्थनेच्या शेवटी तो देवाला जे म्हणतो त्याचा अर्थ असाच की शहर तर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलवाल्यांच्या, हातात चाललंय आणि तू मला पैसे मोजून शेत घे म्हणतोस. म्हणजे त्यालाही कळत नव्हतं! कळल्यावर घेतलं असं नाही, घेतल्यावर विचारलं. पुढं इ.स.पू. 586 मधे शहर पडलं, मंदिर जळलं, यिर्मयाला त्याच्याच लोकांनी मिसरात, म्हणजे इजिप्तमधे, नेलं. ते शेत त्यानं कधी नांगरलं असं पुस्तकात कुठंही नाही. पण बायबलमधल्याच एज्राच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात, बाबेलहून परत आलेल्यांच्या यादीत, एक छोटी ओळ आहे: अनाथोथची माणसं 128. ह्या याद्या मी आजपर्यंत पानं उलटून सोडून द्यायचो. इ.स.पू. 539 मधे पर्शियाचा राजा कोरेश यानं बाबेल घेतलं आणि त्यानंतर लोकांना परत जायची मुभा दिली, वेढ्यापासून जवळजवळ पन्नास वर्षं झाली होती, एवढ्यात गाव पुसून गेलं तरी कोण विचारणार नव्हतं, तरी 128 जण आपलं गाव सांगत परत आले.

हिब्रूमधे ह्याला जो शब्द आहे तो शूव, म्हणजे परतणं, मागं फिरणं. आपण ज्याला पश्चात्ताप म्हणतो त्यालाही संदेष्टे हाच शब्द वापरतात आणि बंदिवासातून घरी येण्यालाही हाच. मन फिरणं आणि पाय फिरणं त्यांच्या भाषेत एकच. मी नऊ वर्षं चर्चमधे दर रविवारी मन फिरवत होतो आणि पाय मात्र उद्यमबाग ते घर एवढेच फिरत होते.

यहेज्केल संदेष्ट्याचंही तेच, तो इ.स.पू. 597 मधेच बाबेलला नेलेला, खबार कालव्याकाठी राहणारा. छत्तिसाव्या अध्यायात दगडाचं हृदय काढून मांसाचं हृदय देईन असं देव म्हणतो ते सगळ्यांना पाठ असतं, पण आधी देव सांगतो की हे मी तुमच्याकडं बघून करत नाही, माझ्या नावासाठी करतोय. आणि पुढं लगेच ओसाड जमिनीची मशागत होईल असं आहे. नवं हृदय आणि नांगरलेलं शेत, एकाच दमात.

आईला मी दादाच्या फोनचं सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, "घे न्हाईतर घेऊ नको, पण आधी जाऊन ये की. फोनवर काय जमिनी ठरत्यात व्हय?" मग तिनंच पलंगाखालची ट्रंक ओढली. आजोबांचं खरेदीखत त्यात होतं, मुंबई राज्याच्या वेळचं, 1956 च्या आधीचं, मराठीतलं, घडीवर फाटत आलेलं आणि मेणकापडात गुंडाळून दोऱ्यानं बांधलेलं. त्यावर साक्षीदार म्हणून दादाच्या आजोबांची सही होती, म्हणजे माझ्या आजोबांच्या सख्ख्या भावाची. मी आयुष्यात पहिल्यांदा तो कागद उलगडला.

मेच्या पहिल्या रविवारी उपासना झाल्यावर गेलो. दादा बांधावरच उभा होता, केस पांढरे झालेत. "आलास?" म्हणाला. "आलो की," म्हटलं. पुढं अर्धा तास आम्ही दोघंही जमिनीवरच बोललो. शेतात घाणेरी माणसाच्या उंचीची वाढलेली, दादानं कोयता आणला होता, दोघांनी मिळून बांधाच्या कडेची तोडली तेव्हा खाली हद्दीचा दगड निघाला, मुंग्यांच्या मातीनं अर्धा झाकलेला. ज्याच्यावरून भांडलो तो. दादा त्याच्यावर बसला, तंबाखू मळली, आणि बऱ्याच वेळानं म्हणाला, "काका गेले तवा मी तसं बोलायला नको हुतं." मला काही बोलताच आलं नाही, मी त्याच्या हातातला कोयता घेतला आणि पुढची घाणेरी तोडायला लागलो.

जमीन कुणी कुणाची घ्यायची ते अजून ठरलेलं नाही, दादाला पैशांची गरज आहे ती खरी आहे आणि त्याचा मार्ग आम्ही काढतोय. पण पड मोडलंय. गेल्या बुधवारी ट्रॅक्टर घातला, दोनदा कुळव फिरला, ढेकळं फुटली. आमच्याकडं भात धूळवाफेला पेरतात, म्हणजे पाऊस यायच्या आधी, कोरड्या मातीत, आभाळात ढगसुद्धा नसताना कुरी धरायची. काल रात्री दादाचा फोन होता, इंद्रायणीचं बी त्याच्याकडं आहे, शनिवारी सकाळी लवकर ये म्हणाला, ऊन तापायच्या आत पेरून घेऊ.