सहा नळ्या

कावीळ म्हटलं की आपल्याकडे पिवळे डोळे, उसाचा रस आणि कुणीतरी सांगितलेला झाडपाला. उत्तर युगांडात, गुलूच्या एका प्रयोगशाळेत रुजू झाले तेव्हा कळलं की हिपॅटायटिस बी हा यकृताचा विषाणू अंगात घेऊन फिरणाऱ्या बहुतेकांचे डोळे वर्षानुवर्षं पांढरेच असतात.

गोष्ट २०१३ची. १८ वर्षांच्या एका मुलाने रक्तदान केलं आणि त्याची पिशवी बाद झाली. एचबीएसएजी पॉझिटिव्ह, म्हणजे रक्तात या विषाणूच्या कवचाचं प्रथिन सापडलं. दोन दिवसांनी त्याची आई त्याच्यासकट पाचही पोरं घेऊन दारात उभी. नवरा पोट फुगून गेलेला, त्यामुळे धास्तावलेली. (इथे बायकांना आदराने 'मामा' म्हणतात. मिरजेत वाढलेल्या माझ्या तोंडी ते बसायला बरेच महिने लागले.)

सहा जणांचं सीरम प्लेटवर लावलं. एचबीएसएजीच्या ओळीत शेवटचं आम्ल घातल्यावर पिवळा रंग आला की पॉझिटिव्ह. कोअर अँटिबॉडी, म्हणजे विषाणूच्या गाभ्याविरुद्धची, खरी लागण झाली तरच बनणारी. आमच्याकडच्या तिच्या किटचं मात्र बरोबर उलटं: रक्तात अँटिबॉडी असेल तर रंग येतच नाही. नव्या सहकाऱ्याने दोन्ही ओळी एकाच नियमाने वाचल्या आणि धाकट्या दोघांना लागण होऊन गेल्याचं रजिस्टरात लिहून मोकळा झाला. मी भडकले खरी, पण पहिल्या महिन्यात मीही हेच केलं होतं. नशीब, कागद अजून आईच्या हातात पडला नव्हता.

नीट वाचलं तेव्हा १८ आणि १५ वर्षांच्या मुलांत विषाणू निघाला. १३ वर्षांच्या मुलीत कोअर आणि सरफेस, दोन्ही अँटिबॉडी: लागण झाली, शरीराने निस्तरली. ९ आणि ६ वर्षांच्या पोरांत नुसती सरफेस, म्हणजे कवचाविरुद्धची अँटिबॉडी. ही लसीनेही बनते; म्हणजे लसीची करामत. युगांडात बाळांना ही लस २००२ पासून मिळते. रॅकमध्ये तिसऱ्या आणि चौथ्या पोराच्या नळ्यांमध्ये ते साल मला चक्क दिसत होतं.

थोरल्यांचं बालपण युद्धातल्या छावणीत गेलेलं. एका झोपडीत सगळे, गुडघे फुटलेले, खरजेच्या जखमा. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो. मोठेपणी लागला तर शंभरातल्या पाचांतही मुक्काम करत नाही. तान्ह्या बाळाला लागला तर नव्वदांत ठाण मांडतो.

"माझ्यामुळे झालं का?" आईने अचोलीत, म्हणजे इथल्या भाषेत, विचारलं. नर्सने मला सांगितलं.

तिच्या नळीतही दोन्ही अँटिबॉडी होत्या, विषाणू नव्हता. "मामा, आज तुमच्या रक्तात तो नाही. पूर्वी येऊन गेलाय. कधी, ते नळी सांगत नाही."

ती गप्प राहिली. मग प्लॅस्टिकच्या पिशवीतून धाकट्यांची लसीची कार्डं काढून तिने विचारलं, आता थोरल्यांना ही सुई दिली तर?

नर्स तिला बराच वेळ समजावत होती: लागण झाल्यावर लस चालत नाही, यकृत दर सहा महिन्यांनी तपासायचं, लागलं तर गोळ्या. आईने कार्डं पिशवीत ठेवली, गाठ मारली आणि थोरल्याला पुढची तारीख लिहून घ्यायला सांगितली.