गांधीलमाशी नव्हे, पतंग: ओळख पटवतानाचा माझा अनुभव

एकदांडीच्या फुलांवर भरदिवसा बसणारी ही 'गांधीलमाशी' मुळात पतंग आहे, हे मामांना पटेना. "पिवळे पट्टे दिसत न्हाईत काय तुला? डसली की कळंल!" खानापूर-जांबोटीकडे पावसाळ्यात झुडपांवर हे जीव दिसतात, पण नाव विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही. दिव्यावर येतात तेच पतंग, अशी आपल्याकडची समजूत.

मी आधी कंबर बघितली. गांधीलमाशीची कंबर बारीक असते. याचं पोट छातीला सरळ जोडलेलं. तोंडाशी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली सोंड. पंख काळे, त्यांवर पारदर्शक ठिपके; तिथे खवलेच नसतात, म्हणून आरपार दिसतं. मागचे पंख पुढच्यांच्या मानाने अगदीच लहान. उडणं संथ, घाई कसली नाहीच. पट्ट्यांना भिऊन पक्षी सोडून देत असतील.

एवढ्यावर 'अमाटा' या प्रजातीपर्यंत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटापर्यंत, पोहोचलो. पुढे कुळाचा घोळ. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ हॅम्पसनच्या पतंगांवरच्या १८९२ च्या ग्रंथात हे पतंग सिंटोमिडी या स्वतंत्र कुळात आहेत, प्रजातीचं नावही सिंटोमिस. नंतर ते आर्क्टिइडी कुळात गेले, आणि २०११ च्या सुमारास डीएनएच्या अभ्यासानंतर ते अख्खं कुळच एरेबिडीत सामावलं गेलं. जुना ग्रंथ आणि नवी यादी शेजारी ठेवून वाचणाऱ्याचं डोकं फिरतं. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने १७८१ मध्ये अमाटा पॅसॅलिस या जातीचं वर्णन केलं तेही झायगिना या प्रजातीत. जात पुढे दुसऱ्या प्रजातीत हलवली, म्हणून फॅब्रिशियसचं नाव आता जातीच्या नावापुढे कंसात लिहितात.

मग माझा पतंग पॅसॅलिसच का? तो दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत आढळतो, त्यामुळे मोह होतोच. पण अमाटाच्या बऱ्याच जाती वरून सारख्याच दिसतात. पोटावरचे पट्टे, मागचा पंख आणि डोक्याची पुढची बाजू, यांचे वेगवेगळे फोटो हवेत. तरीही काही वेळा जननेंद्रियं तपासल्याशिवाय खात्री देता येत नाही. त्यासाठी पतंग मारायची माझी तयारी नाही. नोंद 'अमाटा' एवढीच ठेवली.

मामांना हे अर्धवट वाटतं. पॅसॅलिसचे केसाळ सुरवंट चंदनाची पानं खातात हे मी बोलून बसलो, आणि त्यांनी बांधावर चंदन लावलंय. आता भेटले की एकच प्रश्न: "त्योच काय ह्यो? एकदाचं सांग की!"