गॅलेक्सी वाय परत कामाला लावतोय: आत्तापर्यंत काय जमलं, काय अडलं

मंडळी, सॅमसंग गॅलेक्सी वायचं (जीटी-एस५३६०, तोच तो तळहाताएवढा) काम बऱ्यापैकी मार्गी लागलंय, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतोय. जुन्या बाजारातून दोन मरतुकडे हँडसेट उचलले होते. एकाचा टच पूर्ण गेलेला, दुसरा चालू पण पॅटर्न लॉक लागलेला आणि बॅटरी अशी फुगलेली की मागचं झाकण बसतच नव्हतं. यातून एक धड फोन उभा करायचा आणि तो कपाटात शोभेला न ठेवता रोज वापरायचा असा बेत आहे. ज्यांना शोकेससाठीच पाहिजे त्यांना यातलं अर्धं नको असेल, त्यांनी बॅटरीचं तेवढं वाचा.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. ऑगस्ट २०११ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सीची नावं अक्षरांवर आणली, एस म्हणजे सुपर स्मार्ट, आर रॉयल, डब्ल्यू वंडर, एम मॅजिकल आणि वाय म्हणजे यंग, म्हणजे सगळ्यात स्वस्त, कॉलेजच्या पोरांचा. आपल्याकडे सात-साडेसात हजाराच्या आसपास मिळायचा आणि त्या पैशात ३जी, वायफाय, जीपीएस, ब्लूटूथ ३.०, कंपास आणि जिंजरब्रेड (म्हणजे अँड्रॉइड २.३) हे सगळं एकत्र येत होतं. तेव्हा त्याच भावात मायक्रोमॅक्स ए६० सारखे पण होते, त्यात ६०० मेगाहर्ट्झ आणि अँड्रॉइड २.१, वायमध्ये ८३२ मेगाहर्ट्झ आणि २.३. वरच्या पायरीवर गॅलेक्सी एस (Ace, वरच्या यादीतला S नव्हे) होता पण त्याला जास्तीचे पैसे. त्यामुळे पहिला अँड्रॉइड म्हणून हा किती घरांत आला असेल विचारू नका, आजही जुन्या बाजारात पथारीवर जो ढिगारा लावून ठेवतात त्यात दोन-तीन तरी सापडतातच.

आधी लॉकचं. हे सगळ्यात सोपं निघालं. व्हॉल्यूम अप, होम आणि पॉवर तिन्ही एकदम दाबून धरलं की स्टॉक रिकव्हरी (कंपनीचाच दुरुस्तीचा मेनू) येते, तिथून डेटा वाइप, संपला विषय. गूगलचं ते फॅक्टरी रीसेट केल्यावर जुनाच अकाउंट मागणारं कुलूप अँड्रॉइड ५.१ पासूनचं आहे, या फोनला त्याची हवाच लागलेली नाही. चोरीच्या दृष्टीने बघितलं तर वाईटच, आपल्या छंदाच्या दृष्टीने मात्र सोन्याहून पिवळं. रीसेट झाला की सेटअपमध्ये गूगल अकाउंट स्किप करा, ते आता होणारच नाही, त्याचं पुढे सांगतो.

बॅटरी. ओरिजिनल ईबी४५४३५७व्हीयू, १२०० एमएएच. फुगलेली बॅटरी ढकलून ढकलून बसवायचा हट्ट करू नका, टोचू तर अजिबात नका, सरळ ई-कचऱ्यात द्या. नवीन घेताना एक बघा, याच मापात २००० किंवा २५०० एमएएच छापलेल्या बॅटऱ्या विकायला असतात आणि त्या नव्वद टक्के गप्पा असतात. माप तेवढंच, जाडी तेवढीच, मग दुप्पट चार्ज राहणार कुठे? मी १२०० लिहिलेलीच घेतली. हीच बॅटरी गॅलेक्सी पॉकेटला पण लागते, त्यामुळे वायची मिळाली नाही तर पॉकेटची म्हणून मागा. आणि इथे या फोनचा खरा मोठेपणा कळतो की नखाने झाकण उचकटलं, बॅटरी काढली, दुसरी टाकली, स्क्रू नाही की गरम हवा नाही की गोंद नाही. आजचा पंधरा हजाराचा फोन दहा वर्षांनी असा उघडून दाखवा.

आता स्क्रीन, ज्याच्यावरून तेव्हा सगळ्यांनी या फोनला शिव्या घातल्या. ३ इंच, २४० बाय ३२०, म्हणजे इंचाला १३३ पिक्सेल वगैरे, अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दिसतात आणि जरा तिरकं बघितलं की रंग उलटेपालटे. मान्य. पण रोज खिशात घेऊन फिरायला लागल्यावर माझं मत बदललं. १०४ बाय ५८ मिलिमीटर, वजन ९७.५ ग्रॅम, शर्टाच्या खिशात आहे की नाही तेच समजत नाही, अंगठा चारही कोपऱ्यांना पोचतो, आणि बसमध्ये एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने गाणं बदलता येतं. जाडी ११.५ आहे पण इतक्या छोट्या अंगाला ती जाडी उलट धरायला बरी. त्या स्क्रीनवर टायपिंग करणं ही मात्र शिक्षा आहे, माझ्यासारख्या जाड बोटवाल्यांना तर फारच, बोट घासून लिहायचं स्वाइप होतं म्हणून निभावलं. उभ्या स्क्रीनवर जुना टी-नाइनसारखा कीपॅड लावून बघा, त्याला हसू नका, चुका निम्म्या होतात.

कॅमेरा: २ मेगापिक्सेल, फिक्स फोकस, फ्लॅश नाही. पुढे.

चिपबद्दल जरा सविस्तर, कारण हा भाग मला स्वतःला फार आवडला. आत ब्रॉडकॉमची बीसीएम२१५५३ आहे, कोअर एआरएम११, म्हणजे एआरएमव्ही६ घराण्याची, आणि ग्राफिक्सला व्हिडिओकोअर ४. हे व्हिडिओकोअर ४ नाव ओळखीचं वाटतंय ना, पहिल्या रास्पबेरी पायमध्ये तेच होतं, तिथे एआरएम११ आणि ७०० मेगाहर्ट्झ. म्हणजे २०१२ मध्ये ज्या बोर्डासाठी लोक रांगा लावत होते त्याचा चुलतभाऊ आपल्याकडे कॉलेजच्या पोरांच्या खिशात पडून होता. याच्या पुढची गंमत म्हणजे फेब्रुवारी २०१४ मध्ये ब्रॉडकॉमने व्हिडिओकोअर ४ ची कागदपत्रं खुली केली आणि सोबत ग्राफिक्स ड्रायव्हरचा जो सोर्स दिला तो नेमका या बीसीएम२१५५३ चा होता. रास्पबेरी पायवाल्यांनी मग तो कोड पायवर चालवून क्वेक ३ खेळून दाखवणाऱ्याला १०,००० डॉलरचं बक्षीस लावलं आणि एकाने ते जिंकलं पण. ज्या फोनला लोक डबडं म्हणायचे त्याच्या चिपचा कोड खुल्या ड्रायव्हरच्या कामाला आला, हे मला कुणी तेव्हा सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं.

पण तेच एआरएमव्ही६ या फोनच्या मुळावर आलं. बाकीचं जग एआरएमव्ही७ कडे निघून गेलेलं, अडोबी फ्लॅश चालत नाही, क्रोमला एआरएमव्ही७ आणि अँड्रॉइड ४.० दोन्ही लागायचं, आणि प्ले स्टोअरवर बऱ्याच गेमखाली ते 'तुमच्या डिव्हाइसला चालत नाही' ठरलेलं. काही ॲप चिपमुळे अडायचे, काही २४० बाय ३२० मुळे, आणि कशामुळे अडलं ते स्टोअर कधी नीट सांगायचं नाही. मेगाहर्ट्झचा आकडा बघून फोन घेणाऱ्याला हे दुकानात कोण सांगणार होतं.

तरी माझ्या मते खरी मारणारी गोष्ट चिप नाही, मेमरी आहे. ॲपसाठी आत जागा १८० एमबी. रॅम वापरायला २९० एमबी मिळते ती जिंजरब्रेडला तशी पुरते, पण १८० एमबी म्हणजे गूगलचीच ॲप अपडेट होऊन होऊन ती जागा खाऊन टाकायची, मग वर ती पिवळी खूण, मेमरी कमी आहे, आणि अगदीच भरली की एसएमएस येणंसुद्धा बंद. लोक म्हणायचे फोन स्लो झाला, स्लो नाही हो, गच्च भरलेला असायचा. ३२ जीबीचं कार्ड घालता येतं, पण 'एसडी कार्डवर हलवा' केल्याने ॲपचा काहीच भाग हलतो, डॅल्विक कॅश (ॲप चालवायला तयार केलेला कोड, त्याच डेक्स फाइल), लायब्ररी, डेटा सगळं आतच राहतं, म्हणून वीस एमबीचं ॲप हलवून पण आत जागा म्हणावी तशी मोकळी होत नाही.

त्यावर उपाय तोच आपला जुना. फोन रूट केला, म्हणजे सिस्टिममध्ये हवे ते बदल करायची मुभा मिळवली (रिकव्हरीतून झिप टाकून होतो, पीसीपण लागत नाही), कार्डाचे दोन पार्टिशन केले, पहिलं फॅट३२ मोठं, दुसरं ईएक्सटी छोटं, दोन्ही प्रायमरी ठेवायचे हे महत्त्वाचं, आणि लिंक२एसडीने ॲप, डेक्स आणि लायब्ररी दुसऱ्या पार्टिशनवर लिंक करून दिले. आता आतली जागा निम्म्याहून जास्त मोकळी आहे आणि फोन हातात घेतल्या घेतल्या फरक कळतो. स्टॉक फाइल सिस्टिम सॅमसंगची स्वतःची आरएफएस आहे, ती पण लिहिताना अडखळते. ईएक्सटी४ चालणारा कस्टम कर्नल (सिस्टिमचा गाभा, हौशी लोकांनी बदललेला) टाकला की ॲप इन्स्टॉल करताना जो फोन दोन-दोन मिनिटं मान टाकायचा ते कमी होतं असं बरेच जण सांगतात. मी अजून टाकलेला नाही, आधी ओरिजिनल फर्मवेअर (कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर) हाताशी पाहिजे, त्याशिवाय कर्नलला हात लावायचा नाही असं ठरवलंय.

इंटरनेटबद्दल मात्र आशा सोडा. जिंजरब्रेडला फक्त जुनं टीएलएस १.० (साइटशी सुरक्षित जोडणीची पद्धत) येतं, आणि आजच्या बहुतेक साइट १.२ च्या खाली दारच उघडत नाहीत. व्हॉट्सॲपने २.३ वाल्यांना १ फेब्रुवारी २०२० ला निरोप दिला, गूगलने २.३.७ आणि त्याखालच्यांचं लॉगिन २७ सप्टेंबर २०२१ ला बंद केलं, म्हणून वर म्हटलं अकाउंट स्किप करा. वायफाय स्वतः ठणठणीत आहे, २.४ गिगाहर्ट्झचं राउटर असेल तर लगेच जोडतो, फक्त जोडून जायचं कुठे हा प्रश्न. मी घरच्या लॅपटॉपवर साधा एचटीटीपी सर्व्हर लावतो, गाणी आणि एपीके (ॲपच्या फाइल) त्यावर ठेवतो आणि फोनच्या ब्राउझरमधून उतरवून घेतो, केबल शोधत बसावं लागत नाही.

आणि मराठी! अँड्रॉइडमध्ये देवनागरी नीट आली ती ४.० पासून. त्याआधी कुठल्या फर्मवेअरमध्ये काय दिसेल ते नशिबावर, कुठे चौकोन, कुठे वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसलेली. तेव्हा मराठी पेपर वाचायला ऑपेरा मिनीच्या ॲड्रेस बारमध्ये ऑपेरा:कॉन्फिग टाकून ते बिटमॅप फॉन्टचं सेटिंग 'येस' करायचो, म्हणजे सर्व्हरकडून अक्षरांची चित्रंच यायची. माझ्या पिढीत ही युक्ती कुणी ना कुणी मित्राने कानात सांगितलेलीच असणार. आत्ता मी गाण्यांची नावं रोमनमध्ये बदलून टाकली, नाहीतर प्लेअरमध्ये नुसती चौकोनांची रांग.

नेटवर्कचं सांगायचं तर जिओ विसरा, त्यांच्याकडे २जी-३जी कधी नव्हतंच. एअरटेलने ३जी बंद केलंय पण २जी आहे, त्यावर कॉल आणि एसएमएस व्यवस्थित, आवाज समोरच्याला स्पष्ट जातो असं आईनेच सांगितलं, म्हणजे प्रमाणपत्र मिळालं. सिम मोठ्या मापाचं लागतं, नॅनो असेल तर अडॅप्टर घ्या आणि मागे पातळ टेप लावा. नुसत्या मोकळ्या चौकटीत सिम ठेवून सरकवलं तर काढताना सिम आत राहतं आणि चौकट बाहेर येते, स्लॉटच्या पिना वाकतात.

मग रोज वापरतो कशाला? रेडिओला. एफएम आहे, आरडीएससकट (स्टेशनचं नाव स्क्रीनवर दिसतं), हेडफोनची वायर हाच अँटेना, डेटा नाही की अकाउंट नाही. सकाळी विविधभारती १०१ लावून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवतो. त्याशिवाय ३.५ चा जॅक, एमपी३, गजर, आणि ब्लूटूथवर आजचे नवे इअरबडपण गुपचूप जोडले जातात, त्याची मला अपेक्षा नव्हती. सिम काढून फ्लाइट मोडवर फक्त गाणी ऐकली तर चार्जर शोधायची वेळ क्वचित येते. गंमत बघा, २०११ मध्ये स्क्रीन आणि कॅमेऱ्यावरून हा फोन नापास होत होता, त्या दोन्हीशी माझं आता काही देणंघेणं राहिलं नाही, आणि जे कुणी रिव्ह्यूत एका ओळीपुढे लिहीत नव्हतं, निघणारी बॅटरी, रेडिओ, जॅक, आकार, त्यावरच तो टिकून आहे.

म्हणून कुणी विचारलं जमवायला कुठला घेऊ, तर मी वायच सांगेन, वाय प्रो नाही (कीबोर्ड सुंदर, पण स्क्रीन आडवी आणि ॲप सगळे उभ्यासाठी बनवलेले). वाय ड्युओस (दोन सिमचा) चालेल, ३.१४ इंच आणि ३ मेगापिक्सेल, पण तो चांगल्या अवस्थेत कमी दिसतो. घेताना होम बटण दाबून बघा, झाकणाच्या आतल्या कड्या मोडल्यात का बघा, आणि बॅटरी घालून *#*#४६३६*#*# डायल करा, बॅटरीचं तापमान आणि व्होल्टेज तिथे दिसतं. आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) *#०६# ने बघून बॅटरीखालच्या स्टिकरशी जुळतोय ना हे न बघता पैसे देऊ नका.

पुढचं काम म्हणजे टच गेलेल्या हँडसेटला नवीन डिजिटायझर (टचची काच). काच मिळालीय, स्क्रीनपासून जुनी वेगळी करणं बाकी आहे. ते झालं की त्या दुसऱ्यावर सायनोजेनमॉड ७ (हौशी लोकांनी बनवलेलं अँड्रॉइड) चं अनऑफिशियल पोर्ट टाकून बघणार, पहिल्याला हात लावणार नाही. त्याआधी ओडिनमधून (सॅमसंग फोनमध्ये फर्मवेअर भरायचं पीसीवरचं सॉफ्टवेअर) टाकायचं भारतातलं स्टॉक फर्मवेअर पाहिजे, ज्याच्या बिल्डमध्ये एस५३६० नंतर डीडी येतं ते, पीडीए (मुख्य सिस्टिम), फोन (मोडेम) आणि सीएससी (देशानुसार सेटिंग) तिन्ही फाइल वेगवेगळ्या असलेलं. कुणाच्या जुन्या हार्ड डिस्कवर पडलेलं असेल तर सांगा, आणि असेल तर झिप उघडून तिन्ही फाइल आहेत ना तेवढं आधी बघा, मला मिळालेल्या दोन्हींमध्ये सीएससीच नव्हती.